खडबडीत वाटांसाठी मोटारसायकल : निवड, निगा आणि चालवण्याचा सराव

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून ज्याला मातीच्या वाटांवर मोटारसायकल चालवायची आहे, त्याची पहिली अडचण अशी की ती वाट त्याच्या दारापासून सुरू होत नाही. मुरबाड, शहापूर, कर्जत किंवा पनवेलच्या पलीकडच्या कच्च्या रस्त्यांपर्यंत पोचायला आधी बराच महामार्ग कापावा लागतो आणि संध्याकाळी दमलेल्या अंगाने, चिखलाने माखलेल्या त्याच गाडीवर, ट्रक-कंटेनरच्या गर्दीतून घर गाठावे लागते. हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याने गिअरची मोटारसायकल रोजच्या कामासाठी चालवली आहे, पण डांबर सोडून कधी खाली उतरलेला नाही. गाडी घेण्यापासून तिची निगा राखण्यापर्यंतचे टप्पे प्रत्यक्षात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने येथे दिले आहेत, आणि बहुतेक टप्प्यांवर एकच प्रश्न कसोटी म्हणून वापरावा असे माझे मत आहे: ही गाडी आडवी पडली, तर मला एकट्याला ती उभी करता येईल का? कारण ती पडणारच आहे.

पहिली पायरी : गाडीचा प्रकार ठरवणे

बाजारात ज्यांना सरसकट ‘ऑफ-रोड’ म्हटले जाते त्या गाड्यांच्या प्रत्यक्षात तीन वेगळ्या तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा केवळ शर्यतीसाठी किंवा बंदिस्त मैदानासाठी बनवलेल्या गाड्यांची. त्यांना हेडलाइट, इंडिकेटर, आरसे नसतात, त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही आणि म्हणून त्या सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमधून नाक्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचे तरी ती टेम्पोत चढवावी लागते. गावाकडे स्वतःची जमीन असेल तर गोष्ट वेगळी, एरवी नवशिक्याने या तऱ्हेच्या नादी लागू नये.

दुसरी तऱ्हा हलक्या, डांबर आणि माती अशा दुहेरी वापराच्या गाड्यांची. हिरो एक्सपल्स २०० आणि तिची पुढची आवृत्ती एक्सपल्स २१०, तसेच कावासाकी केएलएक्स २३० या तिच्यात मोडतात. तिसरी तऱ्हा लांबच्या प्रवासाच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाड्यांची. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० आणि केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ही त्यांतली परिचित नावे आहेत. नवशिक्याचे मन सहसा या तिसऱ्या तऱ्हेकडे ओढ घेते, कारण महामार्गावर ताकद हवी असे त्याला वाटते. हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही, पण आपल्या भागात त्याला फारसे वजन उरत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही, अटल सेतूवरही नाही. आपल्याला जायचे ते जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, कल्याण-मुरबाड रस्त्याने किंवा नाशिक महामार्गाने, आणि या रस्त्यांवर ताशी ऐंशीच्या वर स्थिर वेग ठेवण्याची संधी फार थोडा वेळ मिळते. तेवढ्यासाठी २०० सीसीचे इंजिन पुरे होते.

पैशांचाही एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यापुढच्या दुचाकींवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणजे हलकी गाडी मुळात स्वस्त, आणि करातही हलकी. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे येईलच.

दुसरी पायरी : वजन, उंची आणि चाके तपासणे

शोरूममध्ये विक्रेता अश्वशक्ती सांगेल, रंगीत डिस्प्ले दाखवेल, मोबाइल जोडून देईल. आपण मात्र आधी वजन विचारावे. एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १५९ किलोची आहे, हिमालयन ४५० ही १९६ किलोची, तर केएलएक्स २३० दीडशे किलोच्या आत बसते. कागदावर चाळीस किलोचा फरक किरकोळ भासतो, पण भातखाचराच्या कडेला, गुडघाभर चिखलात आडवी झालेली गाडी उन्हात तिसऱ्यांदा उचलताना तो फरक कंबरेला कळतो. दमलेला चालक पुन्हा पडतो आणि पुन्हा उचलताना आणखी दमतो, त्यामुळे जड गाडीवर शिकणाऱ्याचा सराव बहुधा तासाभरातच आटोपतो.

आसनाची उंची हा दुसरा मुद्दा. एक्सपल्स २०० ४व्हीचे आसन ८२५ मिलिमीटरवर आहे, त्याच गाडीच्या ‘प्रो’ आवृत्तीचे ८९१ मिलिमीटरवर. दोन्ही तळपाय सपाट टेकायलाच हवेत असे नाही. दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील, किंवा थोडे सरकून एक पाय भक्कम टेकत असेल, तर काम भागते. उंची कमी असणाऱ्याने गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून लगेच सस्पेन्शन खाली बसवून घेऊ नये. जमिनीपासूनचे अंतर आणि सस्पेन्शनचा प्रवास यांसाठीच तर आपण ही गाडी घेतलेली असते. आधी आसनाचा फोम कमी करून पाहावा.

चाकांच्या बाबतीत पुढचे चाक २१ इंची आणि तारांचे असावे. मोठे चाक दगडाला किंवा खड्ड्याच्या काठाला कमी चढत्या कोनात भिडते, म्हणून ते अडखळण्याऐवजी वरून निघून जाते. तारांचे चाक जोराच्या माराने वाकते आणि बहुतेक वेळा पुन्हा सरळ करता येते, अलॉय चाकाला मात्र तडा जातो. याची किंमत म्हणजे तारांच्या बहुतेक चाकांत ट्यूब असते आणि पंक्चर काढायला अख्खे चाक उतरवावे लागते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. डांबरावर ते प्राण वाचवते, पण सुट्या मुरुमाच्या उतारावर ते मागचे चाक पुन्हापुन्हा सोडत राहते आणि गाडी थांबता थांबत नाही. म्हणून मागच्या चाकाचे एबीएस बटणाने बंद करता येते की नाही, हे घेण्याआधी विचारावे.

जुनी गाडी घेणार असाल तर

पडून शिकायचे असेल तर जुनी गाडी घेणे शहाणपणाचे आहे, पण ती खडबडीत वाटेवर कशी वापरली गेली हे तिच्या अंगावर वाचता आले पाहिजे. खाली बसून बॅश प्लेट, म्हणजे इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, पाहावी. तिच्यावर ओरखडे असणे चांगले, इंजिनच्या कवचावर असणे वाईट. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मधोमध ते खाचेत बसल्यासारखे अडखळत असेल तर कोनसेट (हँडलच्या मानेतले बेअरिंग) गेलेला आहे. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर तेलाची कडी दिसली तर सील बदलावे लागणार. मागचे चाक धरून आडवे हलवले असता खडखड जाणवली, तर चाकाचे किंवा स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या हाताचे) बेअरिंग झिजलेले आहे. रिमच्या कडेवरून बोट फिरवत न्यावे, डोळ्यांना न दिसणारा चेंबलेला भाग बोटाला लागतो. चॅसी आणि इंजिनाचे क्रमांक आरसीशी स्वतः पडताळावेत, आणि हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वर विक्रेत्याची सही घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

तिसरी पायरी : अंगावरची साधने

वाचलेले पैसे येथे घालावेत. आयएस ४१५१ चे बीआयएस चिन्ह असलेले हेल्मेट सर्वांनाच माहीत आहे, त्याबद्दल वेगळे सांगायला नको. नवशिके कंजुषी करतात ती बुटांत. कमी वेगात पडताना डोके सहसा वाचते. अडकतो तो पाय, कारण घसरणारी गाडी त्याच बाजूला आडवी होते आणि घोटा तिच्याखाली पिरगाळला जातो. ट्रेकिंगचे बूट किंवा पावसाळी गमबूट हा भार घेऊ शकत नाहीत. नडगीपर्यंत येणारे, घोट्याला आडव्या वळणापासून राखणारे, बकल असलेले मोटोक्रॉसचे बूटच हवेत, आणि ते घेतल्यावर घरात घालून चालून, मग गिअर टाकून सराव करावा, कारण पहिल्या दिवशी त्यांतून गिअरचा पाय जाणवतच नाही. त्यानंतर गुडघ्याचे कवच, मग बोटांच्या सांध्यांवर कवच असलेले हातमोजे, आणि शेवटी छाती-पाठीचे कवच, असा खरेदीचा क्रम ठेवावा.

पाण्याची पाठपिशवी ही चैन समजू नये. एप्रिल-मे महिन्यांत कर्जत-मुरबाडकडचा उकाडा, त्यात अंगावर कवच, आणि त्यात गाडी उचलण्याचे श्रम, या तिन्हींनी माणूस भराभर कोरडा पडतो आणि डोके सुन्न झाले की निर्णय चुकतात.

चौथी पायरी : गाडी स्वतःला बसवून घेणे

नवी गाडी हातात आल्यावर सामान लावण्याची घाई होते. खरे तर ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची बॅश प्लेट, हाताची बोटे आणि लिव्हर दोन्ही राखणारे दणकट हँड गार्ड, आणि गाडी पाण्याने थंड होणारी असेल तर रेडिएटरची जाळी, एवढे पुरे आहे. टॉप बॉक्स, साइड बॉक्स आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पिंजरे लावून आपण हलकी म्हणून घेतलेली गाडी स्वतःच जड करतो.

याहून महत्त्वाचे काम फुकट होते. पायदानांवर उभे राहून हात सहज खाली सोडावेत आणि हँडल त्या हातांना येऊन मिळेल असे किंचित पुढे फिरवून घ्यावे. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर खाली झुकवावेत, म्हणजे उभे असताना मनगट सरळ राहील. लिव्हरच्या पकडीचे बोल्ट करकचून आवळू नयेत. गाडी पडल्यावर लिव्हर हँडलभोवती फिरावा, तुटू नये, इतपतच ते घट्ट असावेत.

टायरांबाबत माझा आग्रह मध्यममार्गाचा आहे. मोठ्या गुठळ्यांचे पूर्ण मातीचे टायर चिखलात उत्तम धरतात, पण ओल्या काँक्रीटवर आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ते निसरडे असतात, आणि आपला निम्म्याहून अधिक प्रवास तसल्याच रस्त्यांवर होतो. म्हणून डांबर आणि माती दोन्हींसाठी बनवलेल्या नक्षीचे टायर पहिल्या वर्षी वापरावेत. हवेचा दाब डांबरासाठी गाडीवरच्या स्टिकरनुसार ठेवावा, आणि मातीत उतरण्यापूर्वी तो थोडा कमी करावा. २० ते २२ पीएसआयवर टायर जमिनीला अधिक पसरून धरतो. त्याहून फार खाली गेल्यास दगडावर आपटताच ट्यूब रिम आणि दगडाच्या बेचक्यात चिमटली जाऊन पंक्चर होते. हवा काढायची असेल तर परत भरायचा छोटा पंप सोबत हवाच, कारण त्याच मऊ टायरांवर महामार्गाने घरी येणे धोक्याचे आहे.

पाचवी पायरी : जागा निवडणे

ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग गावकऱ्यांशी, वनखात्याशी वाद ओढवून घेतात. ठाणेकराला येऊर सर्वांत जवळचे, पण येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तेथे अशा सरावाला मुळीच वाव नाही. पनवेलजवळचे कर्नाळा, शहापूरकडचे तानसा आणि वसईकडचे तुंगारेश्वर ही अभयारण्ये आहेत. माथेरानमध्ये दस्तुरीच्या पुढे मोटारवाहनांना बंदी आहे. खाडीकाठची खारफुटी आणि पाणथळ जागा मोकळ्या दिसल्या तरी मोकळ्या नसतात. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आले आहे आणि खारफुटीला कायद्याने संरक्षण आहे. किल्ल्यांच्या वाटांवर गाडी घालणे हा तर विचारही मनात आणू नये.

मग चालवायची कुठे? सर्वांत उत्तम म्हणजे परवानगीने मिळालेली खासगी जागा, उदाहरणार्थ ओळखीच्या शेतकऱ्याचे माळरान, किंवा बंद पडलेल्या खाणीची मालकाच्या संमतीने मिळालेली सपाटी. शक्य असेल तर कुशल प्रशिक्षकाकडे एक-दोन दिवसांचे शिक्षण घ्यावे, कारण चुकीची सवय एकदा बसली की ती मोडायला नवी सवय लावण्यापेक्षा अधिक वेळ जातो. यानंतर येतात गावांना आणि पाड्यांना जोडणारे सार्वजनिक कच्चे रस्ते. तेथे आपण पाहुणे असतो. पाड्यात शिरताना पहिला गिअर, कमी आवाज आणि कोंबड्या-वासरांना आधी वाट, हे पाळावे. पहिल्या घराशी थांबून, हेल्मेट काढून, “काका, ही वाट पुढे कुठे निघते?” एवढे विचारले की वाटही कळते आणि आपण कोण याचा खुलासाही होतो. पावसाळ्यात भाताच्या खाचरांचे बांध कोणत्याही कारणासाठी ओलांडू नयेत. चाकाने फुटलेल्या बांधातून खाचरातले पाणी वाहून जाते आणि लावणी वाया जाते, तेव्हा शेतकरी संतापला तर दोष त्याचा नाही. धबधबे आणि धरण परिसरांवर पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदी-आदेश काढतात. निघण्याआदल्या दिवशी त्याची माहिती घ्यावी.

विम्याची एक बाब येथेच लक्षात ठेवावी. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत, वेगचाचणी अशा वापरात झालेले नुकसान धरले जात नाही, आणि इंजिनात पाणी शिरून झालेल्या बिघाडासाठी बहुधा वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते.

सहावी पायरी : सराव

पहिला दिवस सपाट मुरुमावर घालवावा आणि वेगाचा विचारही करू नये. पायदानांवर उभे राहावे, गुडघे किंचित वाकलेले, टाकी गुडघ्यांमध्ये हलकी दाबलेली, कोपरे बाहेर, नजर दूर. उभे राहिल्याने शरीराचा भार आसनाऐवजी पायदानांवर येतो, पाय झटके झेलतात आणि गाडी आपल्याखाली मोकळेपणाने डावी-उजवीकडे हलू शकते. हँडल घट्ट आवळणाऱ्याचे हात अर्ध्या तासात भरून येतात. पकड गुडघ्यांत असावी, हातांत नव्हे. क्लच आणि पुढचा ब्रेक यांवर प्रत्येकी एक किंवा दोन बोटे कायम ठेवावीत. याच स्थितीत पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, चालण्याच्या वेगाने सरळ रेषेत आणि मग आठाच्या आकड्यात गाडी फिरवत राहावे. कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे यावर उभे आहे.

वळताना डांबरावरची सवय उलटी करावी लागते. डांबरावर आपण गाडीसोबत आत झुकतो. मातीत गाडी आत कलवायची आणि अंग सरळ ठेवून बाहेरच्या पायदानावर भार द्यायचा, म्हणजे टायर जमिनीत दाबला जातो.

नजरेबद्दल पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण निम्मे पडणे नजरेमुळे होते. ज्या दगडाकडे आपण टक लावतो त्यावरच चाक जाते. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोरीत शिरल्यावर खाली पुढच्या चाकाकडे पाहणारा काठावर आदळतो, तर चाकोरीच्या दूरच्या टोकाकडे पाहत स्थिर थ्रॉटल ठेवणारा निघून जातो.

ब्रेकचा सराव वेगळा करावा. मागचे चाक मुद्दाम अडकवून ते कसे घसरते याची ओळख करून घ्यावी, म्हणजे प्रत्यक्षात घसरल्यावर घाबरायला होत नाही. पुढचा ब्रेक मातीत वापरूच नये असा समज आहे, तो खरा नाही. गाडी सरळ असताना, एका बोटाने, हळूहळू वाढवत दाबला तर थांबवण्याचे मोठे काम तोच करतो. वळणात किंवा ओल्या चिखलात मात्र त्याला हात लावू नये.

यानंतर चढ-उतार. चढाला भिडण्यापूर्वीच दुसऱ्या गिअरमध्ये पुरेसा वेग घ्यावा, अंग पुढे झुकवावे आणि मध्यावर गिअर बदलू नये. गाडी अर्ध्यावर थांबली तर काय करायचे याचा सराव लहानशा चढावर आधीच करून ठेवावा. अशा वेळी नवशिका क्लच ओढून पुढचा ब्रेक आवळतो, आणि तरी गाडी मागे घसरते, कारण चढावर सगळा भार मागच्या चाकावर गेलेला असतो आणि पुढचे चाक अडकूनही जमिनीला धरत नाही. उपाय असा की इंजिन बंद पडू द्यावे, गाडी गिअरमध्येच ठेवावी आणि क्लच सोडून द्यावा. मग इंजिनच मागच्या चाकाला रोखून धरते. त्यानंतर क्लच किंचित दाबत-सोडत, इंच इंच मागे येत गाडी आडवी घ्यावी आणि सरळ खाली उतरावे. उतारावर याच्या उलट, अंग मागे, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि क्लच अजिबात ओढायचा नाही.

आता गाडी उचलणे, ज्याचा सराव घरून निघण्याआधी पार्किंगमध्ये जुन्या गादीवर गाडी आडवी ठेवून करून पाहावा. पडल्याबरोबर किल स्विचने (हँडलवरच्या इंजिन थांबवणाऱ्या बटणाने) इंजिन बंद करावे. गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे उचलताना ती पुढे पळणार नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, म्हणजे उभी होताच ती पलीकडे कोसळत नाही. उतारावर पडली असेल आणि चाके चढाकडे असतील, तर उचलण्याचा प्रयत्न न करता तिला जागेवरच घसटत फिरवावे आणि चाके उताराकडे आणावीत. मग आसनाला पाठ लावून उकिडवे बसावे, एका हाताने हँडलची जवळची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकड धरावी, पाठ ताठ ठेवावी आणि मांड्यांच्या जोरावर, छोटी छोटी पावले मागे टाकत गाडी वर ढकलावी. पुढून वाकून हातांनी ओढणाऱ्याची कंबर धरते.

चिखल आणि पाणी सर्वांत शेवटी. पावसाळ्यात आपल्याकडचे काळे कातळ शेवाळाने गुळगुळीत होतात आणि चिखलापेक्षा तेच अधिक पाडतात. तेथे वळू नये, ब्रेक लावू नये, सरळ निघून जावे. ओढा ओलांडण्यापूर्वी स्वतः पायी ओलांडून पाहावा. पाय स्थिर राहत नसतील किंवा तळ दिसत नसेल तर परत फिरावे, आणि गढूळ पाणी वेगाने वाहत असेल तर पायीही उतरू नये. गाडी पाण्यात पडून इंजिन बंद झाले तर स्टार्टर दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर काढून प्लग काढावा, एअर फिल्टरच्या डब्यातले पाणी सांडावे, इंजिन फिरवून आतले पाणी प्लगच्या छिद्रातून बाहेर उडू द्यावे आणि मगच प्लग लावून चालू करावे.

एकट्याने कधीही जाऊ नये. दोघेही पहिल्यांदाच जात असतील तर तिसरा अनुभवी सोबत घ्यावा. हत्यारांत दोन टायर लिव्हर, चाकाच्या ॲक्सलचा पाना, ठिगळांचे साहित्य आणि पुढच्या चाकाची एक जास्तीची ट्यूब असावी. २१ इंची ट्यूब अडीअडचणीला मागच्या १८ इंची चाकात घालून घरापर्यंत येता येते, उलट मात्र जमत नाही, आणि महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब क्वचितच मिळते.

सातवी पायरी : परतल्यावरची निगा

गाडी धुणे हे देखभालीचे पहिले काम आहे, कारण धुतल्याशिवाय गळती, तडा, सुटलेला नट काहीच दिसत नाही. सर्व्हिस स्टेशनवरच्या जोराच्या फवाऱ्याने चिखल छान निघतो, पण तोच फवारा चाकांच्या आणि स्विंगआर्मच्या बेअरिंगवर, कोनसेटवर किंवा चेनवर जवळून मारला तर ग्रीस बाहेर आणि पाणी आत जाते. घरची बादली, मऊ ब्रश आणि साध्या नळाचे पाणी पुरते. फोर्कच्या नळ्यांवर वाळलेला चिखल खरवडू नये, भिजवून सोडवावा, कारण तोच कण सीलखाली जाऊन नळीवर चरा पाडतो.

एअर फिल्टरकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. मुरुमाची लाल धूळ इतकी बारीक असते की दोघांतिघांच्या रांगेत मागे चालणाऱ्याचा फिल्टर एका दिवसात भरतो. गाडी ओढेनाशी होते, पेट्रोल जास्त खाते, आणि फिल्टर नीट बसला नसेल तर धूळ आत जाऊन पिस्टन रिंगा घासून टाकते. फिल्टर कागदाचा असेल तर तो धुता येत नाही, बदलावा लागतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये हलक्या हाताने दाबून दाबून मळ काढावा, पिळा देऊ नये, कारण पिळल्याने जोड सुटतात. मग साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा, फिल्टरचे तेल सर्वत्र सारखे मुरवावे आणि जादा तेल दाबून काढावे. डब्यात परत बसवण्याआधी तोंडाची कड कोऱ्या फडक्याने पुसून फडके पाहावे. त्यावर लाली उतरली तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जाते आहे.

चेन रॉकेलने किंवा चेन क्लीनरने साफ करावी. पेट्रोलने तिच्यातल्या रबरी रिंगा खराब होतात. वाळल्यावर चेनचे वंगण किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने द्यावे आणि जादा पुसून टाकावे. या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनचा प्रवास मोठा असल्याने चेनला रोजच्या मोटारसायकलपेक्षा थोडी अधिक ढील लागते. गॅरेजमध्ये सवयीने ती ताणून देतात, म्हणून पुस्तिकेतला आकडा स्वतः पाहून सांगावा.

तारांची तपासणी कानाने होते. चाक उचलून फिरवत प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने हलके टिचकारावे. घट्ट तार टणक आवाज देते, सैल तार बद्द वाजते. एखादी सैल सापडल्यास ती लगेच आवळावी, कारण तिचा भार शेजारच्या तारांवर जाऊन त्या तुटू लागतात. अनेक तारा एकदम सैल असतील तर चाक कारागिराकडूनच सरळ करून घ्यावे. त्याच बैठकीत ब्रेक पॅडची जाडी पाहावी (चिखलात ते डांबरापेक्षा कितीतरी लवकर संपतात) आणि सर्व बाहेरचे नट-बोल्ट पान्याने एकदा चाचपावेत. जे वारंवार सुटतात त्यांच्या आट्यांना चिकटवणारे द्रव (थ्रेडलॉकर) लावावे. इंजिन ऑइल पुस्तिकेतल्या अंतरापेक्षा लवकर बदलावे, आणि ब्रेकचे तेल दोन वर्षांनी. स्विंगआर्म आणि लिंकेजच्या (त्याला मागच्या सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगना वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, उघडून ग्रीस द्यावे. हे काम कंपनीच्या नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये आपोआप होत नाही, वेगळे सांगावे लागते.

कोलशेत, बाळकुम, ऐरोली, कोपरखैरणे अशा खाडीलगतच्या भागांत गाडी उभी राहत असेल, तर खारट दमट हवेने तारांचे निपल (तारा आवळायचे छोटे नट), चेन आणि सायलेन्सरचे सांधे न चालवताही गंजतात. दोन-तीन आठवडे गाडी निघणार नसेल तर चेनवर ताजे वंगण द्यावे, तारांवर गंजरोधक फवारा मारून फडक्याने पुसावे (ब्रेकच्या डिस्कवर तो अजिबात उडू देऊ नये), टाकी भरून ठेवावी म्हणजे आत ओल धरणार नाही, आणि अंगावर प्लास्टिक न टाकता हवा खेळेल असे कापडी आवरण घालावे. पुन्हा काढताना स्टार्टर मारण्याआधी टायरांतली हवा, क्लचची केबल आणि एअर फिल्टरचा डबा पाहावा. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उंदीर त्या डब्यात घर करतात.